वायक्यू (फ्यूएल सरचार्ज) उडवून दिलेलं तिकीट घ्यावं का?

मुलुंडच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आई-वडिलांना भावाकडे फ्रँकफर्टला पाठवायचंय, परतीची दोन तिकिटं हवीत. तीन एजंटांनी सांगितलेले भाव जवळपास सारखे निघाले. चौथ्याने माणशी सतरा हजार कमी सांगितले. कारण विचारल्यावर म्हणाला, "मॅडम, फ्यूएल सरचार्ज उडवून देतो, एअरलाइनला कळत नाही." त्याने पाठवलेल्या कागदावर मुंबई–फ्रँकफर्ट–मुंबई झाल्यावर चार महिन्यांनी तिसऱ्याच देशातल्या दोन गावांमधलं एक छोटंसं उड्डाण दिसतंय. "त्याकडे बघू नका, तिथे कोणी जायचं नाही." ताईंनी दहा हजार ॲडव्हान्स दिलाय आणि आता झोप लागत नाही. विचारतात, हे कायद्यात बसतं का, आणि मग पहिले तिघे आम्हाला लुटत होते का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. नाही. तिघांचे आकडे हजार-दीड हजाराच्या फरकाने एकच होते, म्हणजे सिस्टीमने जे भाडं ओढलं त्यावर प्रत्येकाने आपापला सर्व्हिस चार्ज लावला. लुटायचं असतं तर तिघांचे आकडे तीन दिशांना गेले असते.

पहिलं उत्तर लांब आहे. दादरला एका जिन्यावरच्या गाळ्यात मी सत्तावीस वर्षं तिकिटं काढतोय. हाताने लिहिलेल्या, मागे लाल कार्बन असलेल्या तिकिटांपासून सुरुवात केली. आज तुम्हाला जे कोणी सुचवलंय ते मी स्वतःही केलेलं आहे, अंगाशी येईपर्यंत. त्यामुळे सोवळ्यात बसून बोलत नाही.

तिकिटाची पावती कधी नीट बघितलीय का? वर मूळ भाडं, खाली टॅक्सची लांबलचक ओळ. त्यात के-थ्री दिसतं तो आपला जीएसटी. विमानतळाची यूडीएफ, म्हणजे विमानतळ वापरण्याची फी असते. सुरक्षा शुल्क असतं, आंतरराष्ट्रीय प्रवाशासाठी ते एप्रिल २०२१ मध्ये १२ डॉलर झालं. ही सगळी रक्कम एअरलाइन फक्त गोळा करते आणि ज्याची त्याला देते. आणि त्याच ओळीत, त्याच बारीक अक्षरांत, अंग चोरून बसलेला असतो वायक्यू. काही एअरलाइन्सचा वायआर. हा टॅक्स नाही. यातला एक रुपया सरकारकडे जात नाही, सगळा एअरलाइनच्या खिशात जातो, उलट त्यावर आपण जीएसटी भरतो. युरोपच्या तिकिटावर हा आकडा कधीकधी मूळ भाड्याच्या बरोबरीला येतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

नाव फ्यूएल सरचार्ज, पण इंधनाशी त्याचं नातं सोयीपुरतं. जुलै २००८ मध्ये कच्चं तेल १४७ डॉलरवर गेलं तेव्हा सरचार्ज चढला, ते कुणालाही पटत होतं. त्याच वर्षी डिसेंबरात तेल ४० डॉलरच्या खाली आलं. जानेवारी २०१६ मध्ये तर ३० च्याही खाली गेलं. वायक्यू त्या वेगाने कधीच उतरला नाही. बऱ्याच कंपन्यांनी मग 'फ्यूएल' हा शब्दच काढला आणि 'कंपनीने लावलेला आकार' असं गुळगुळीत नाव ठेवलं. महाराष्ट्र सरकारने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडमध्ये विमान इंधनावरचा व्हॅट २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. ते सात टक्के गिऱ्हाइकाच्या तिकिटावर मला कुठे सापडले नाहीत, तुम्हाला सापडले तर कळवा.

सरळ वागल्याचं एक उदाहरण देतो, नाहीतर म्हणाल हा माणूस नुसता कुरकुरतो. इंडिगोने ६ ऑक्टोबर २०२३ पासून अंतराप्रमाणे ३०० ते १००० रुपये इंधन आकार लावला, तक्ता जाहीर केला, आणि इंधन उतरल्यावर ४ जानेवारी २०२४ ला काढूनही टाकला. असं माझ्या आठवणीत फार वेळा झालेलं नाही.

उलटं उदाहरण जास्त प्रसिद्ध आहे. ऑगस्ट २००४ ते जानेवारी २००६ या काळात ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन अटलांटिक यांची माणसं सरचार्ज कधी आणि किती वाढवायचा हे आपसांत बोलत होती. लांबच्या परतीच्या तिकिटावरचा आकडा तेवढ्यात ५ पौंडांवरून ६० पौंडांवर गेला. व्हर्जिनने स्वतः जाऊन कबुली दिली म्हणून ती सुटली. ब्रिटिश एअरवेजने २००७ मध्ये अमेरिकेत प्रवासी आणि माल दोन्ही प्रकरणांचे मिळून ३० कोटी डॉलर कबूल केले. ब्रिटनमधला दंड आधी १२ कोटी १५ लाख पौंड ठरला होता, तो २०१२ मध्ये ५ कोटी ८५ लाखांवर आला. आपल्याकडे मार्च २०१८ मध्ये स्पर्धा आयोगाने मालवाहतुकीच्या इंधन अधिभाराबद्दल जेट एअरवेज, इंडिगो आणि स्पाइसजेट यांना मिळून साधारण ५४ कोटींचा दंड ठोठावला. तेव्हा "बिचाऱ्या एअरलाइनचं नुकसान" या कारणाने मला तरी रडू येत नाही.

मग हा आकडा मूळ भाड्यातच का घालत नाहीत? वेगळा ठेवण्यात फायदा आहे म्हणून. एजंटाचं कमिशन मूळ भाड्यावर असतं. आमचं ९ टक्के होतं, मग ७ झालं, मग ५, आणि नोव्हेंबर २००८ मध्ये मोठ्या कंपन्यांनी ते शून्यावर आणलं. पण ते शून्य व्हायच्या आधीच वायक्यू वाढत आणि मूळ भाडं आकसत चाललं होतं, म्हणजे टक्के तेवढेच राहूनही आमच्या हातात कमी येत होतं. कॉर्पोरेट कंपन्यांना जी सूट देतात तीही बहुधा मूळ भाड्यावरच. कार्डाचे पॉइंट जमवून 'फुकट' तिकीट काढणारे माझ्याकडे येऊन विचारतात, फुकट तिकिटाला तीस हजार कसले? ते हेच. शिवाय जगभरची हजारो भाडी बदलण्यापेक्षा एक सरचार्जचा तक्ता बदलणं रातोरात होतं.

गंमत म्हणजे जीएसटीच्या नियमालाही याची दखल घ्यावी लागली. एजंटाच्या सेवेचं मूल्य मूळ भाड्याच्या देशांतर्गत ५ आणि आंतरराष्ट्रीय १० टक्के धरायचं असा पर्याय नियम ३२ मध्ये आहे, आणि तिथे मूळ भाड्याची व्याख्या अशी की भाड्याच्या ज्या भागावर एअरलाइन एजंटाला साधारणपणे कमिशन देते तो भाग. कमिशन शून्य झाल्यावर नऊ वर्षांनी आलेल्या कायद्यात ही व्याख्या वाचून आमचे सीए आणि मी, दोघेही चहा सांडेपर्यंत हसलो होतो.

आता 'उडवणं' म्हणजे काय. वायक्यू लावायचा की नाही, हे सिस्टीम प्रत्येक वेळी एअरलाइनने भरून ठेवलेल्या अटींवरून ठरवते. प्रवास कुठून सुरू होतोय, तिकीट कुठल्या कंपनीच्या नावावर निघतंय, मधे दुसरी कुठली कंपनी आहे, वर्ग कुठला, अशा शेकडो अटी असतात. एवढं मोठं जाळं विणलं की एखादं भोक राहतंच. विचित्र ठिकाणचा एक तुकडा तिकिटाला जोडला की अट जुळत नाही, सिस्टीम गोंधळते आणि वायक्यूचा रकाना रिकामा येतो. तुमच्या कागदावरचं ते भलत्या गावचं उड्डाण म्हणजे हा तुकडा. प्रवासासाठी नाही, तर सिस्टीमला चकवायला बसवलेलं बुजगावणं.

सरचार्ज टाळण्याचे सगळे मार्ग असे नसतात, आणि इथे मला बऱ्याच जणांशी वाद घालावा लागतो. तेच विमान, तीच सीट, पण तिकीट भागीदार कंपनीच्या कोडवर काढलं की वायक्यू कमी होतो, असं पुष्कळदा घडतं. आम्ही याला प्लेटिंग बदलणं म्हणतो. यात लपवण्यासारखं काही नाही, उलट हे न बघणारा एजंट आळशी. काही कंपन्या वायक्यू लावतच नाहीत किंवा नाममात्र लावतात, त्या दाखवणं हे तर आमचं कामच. बिझनेस क्लासची गिऱ्हाइकं कोलंबोहून प्रवास सुरू करतात, कारण तिथून भाडं बरंच कमी पडतं. मुंबईहून कोलंबोला वेगळं तिकीट काढून जातात, तिथून खरोखर विमानात बसतात. त्रास त्यांचा, बचत त्यांची.

मी एकच पाहतो. तिकिटावर जे लिहिलंय ते खरं आहे का? कोण जाणार, कुठून निघणार, कुठे उतरणार. हे तिन्ही खरं असेल तर भाडं कितीही खाली आणा, मी टाळ्या वाजवीन. कोलंबोवाला कोलंबोहून खरंच निघतो. तुमचे आई-वडील त्या तिसऱ्या देशात कधीच जाणार नाहीत, आणि एजंटाला ते तिकीट काढतानाच माहीत आहे.

"पण प्रवाशाने शेवटचा तुकडा सोडला तर तो काय गुन्हा?" असं इथे कोणीतरी म्हणणारच. प्रवाशापुरतं बोलायचं तर मीही फार कडक नाही. लुफ्तान्साने अशा एका प्रवाशावर बर्लिनमध्ये दावा ठोकला होता. सिएटलहून ऑस्लोला परत जायचं तिकीट असताना तो फ्रँकफर्टलाच उतरला म्हणून २,११२ युरो मागितले, आणि डिसेंबर २०१८ मध्ये खालच्या कोर्टात कंपनी हरली. पैसे भरलेली सीट रिकामी ठेवायचा माझा हक्क आहे, असं प्रवासी म्हणू शकतो. एजंटाला ते म्हणता येत नाही. आयाटाची, म्हणजे एअरलाइन्सच्या जागतिक संघटनेची मान्यता घेताना आम्ही करारावर सही केलेली असते की एअरलाइनच्या नियमांप्रमाणे तिकीट काढू. तिकिटं त्यांची, विकायचा अधिकार त्यांनी दिलेला, पैसे बीएसपीतून, म्हणजे आयाटाच्या हिशेब-व्यवस्थेतून ठरल्या तारखेला त्यांना भरायचे. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था, तिच्या परताव्याबद्दलच्या नियमातही एजंट हा एअरलाइनचा नेमलेला प्रतिनिधी असंच धरलंय, म्हणून एजंटाकडून घेतलेल्या तिकिटाचा परतावा द्यायची जबाबदारी एअरलाइनवर टाकलीय. ज्याच्या गल्ल्यावर बसायचं त्याच्याच गल्ल्यात हात घालायचा, आणि वर गिऱ्हाइकाला सांगायचं की तुमच्यासाठी केलं.

आता माझी गोष्ट. २०१३ साल. आमच्या ऑफिसात एक हुशार मुलगा होता, कुठूनतरी ही युक्ती शिकून आला. पहिल्या तिकिटावर सोळा हजार वाचले तेव्हा मी त्याला वडापाव नाही, चक्क मटण थाळी खिलवली. चार महिन्यांत आम्ही अशी चौदा तिकिटं काढली. गिऱ्हाईक खूश, त्यांनी चाळीत-सोसायटीत नाव काढलं, आम्हाला वाटलं धंद्याला बरकत आली.

त्यात बेस्टमधून निवृत्त झालेले डोंबिवलीचे एक काका होते, लेकीकडे टोरोंटोला गेलेले. एका रात्री दोन वाजता फोन वाजला. काकांचा धाकटा भाऊ आयसीयूत, आजच्या आज निघायचं होतं. ते विमानतळावर काउंटरसमोर उभे, मी स्वयंपाकघरात ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभा. साधं काम वाटलं होतं, तारीख बदलायची, दंड भरायचा, बस. पण तारीख बदलायची म्हणजे तिकीट पुन्हा ओढायचं, आणि पुन्हा ओढलं की सिस्टीम आजच्या अटींनी ओढते. भोक मधल्या काळात बुजलं होतं. वायक्यूचा पूर्ण आकडा परत येऊन बसला, वर भाड्यातला फरक. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. काउंटरवरच्या बाईने काकांना विचारलं, या तिकिटावर पुढे तुमचं आणखी एक उड्डाण आहे, तिथे तुम्ही का जाताय? काकांनी फोन कानाला तसाच धरून मला विचारलं, "अहो, हे गाव कुठलं? मी कुठे जाणार आहे?"

मी त्यांना सांगितलंच नव्हतं. त्यांच्या हातातला कागद आम्ही असा छापला होता की तो शेवटचा तुकडा दुसऱ्या पानावर जाईल, आणि दुसरं पान दिलं नव्हतं.

काउंटरवर बराच घोळ झाल्यावर त्यांना दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा मिळाली, नव्या एकेरी तिकिटावर, माझ्या पैशांनी. भाऊ वाचला, हे माझं नशीब. काका परत आल्यावर पेढे घेऊन आले आणि म्हणाले, तुमच्यामुळे जमलं. त्या पेढ्याइतकं कडू मी काही खाल्लेलं नाही. कारण आणखी एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती. वाचलेल्या सोळा हजारांतले मी त्यांना नऊच दिले होते. सात माझ्याकडे राहिले होते.

सात महिन्यांनी एडीएम यायला लागले. एडीएम म्हणजे एअरलाइनने एजंटाला पाठवलेलं वसुलीचं बिल. शेवटचा प्रवास झाल्यापासून नऊ महिन्यांच्या आत ते बीएसपीतून आलं तर तुमच्या हिशेबातून थेट कापलं जातं, भांडायचं ते मुदतीत आणि कागद लावून. माझ्याकडे भांडायला होतं काय? चौदाच्या चौदा तिकिटांवर फरकाची रक्कम आणि वर प्रत्येकी वेगळी फी, एकूण दोन लाखांच्या वर गेलं. पत्नीच्या नावाची एफडी मोडली. बरेच एजंट अशा वेळी गिऱ्हाइकाला फोन करतात की एअरलाइनने फरक मागितलाय, भरा. काही गिऱ्हाइकं घाबरून भरतात. ताई, तुम्हाला असा फोन पुढच्या वर्षी येऊ शकतो, आणि तेव्हा "एअरलाइनला कळत नाही" म्हणणारा माणूस हात वर करून मोकळा झालेला असेल.

मुंबईत ही खोड दुसऱ्या रूपात फार जुनी आहे. आपलं शहर खलाशांचं, जहाजावर रुजू व्हायला जाणाऱ्यांसाठी मरीन फेअर असतं. सामान जास्त, रद्द करायला सोपं, तारीख बदलायला जवळपास फुकट, कारण बोटीचा नेम नसतो. त्याला कंपनीचं पत्र आणि सीडीसी, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या नोंदींची पुस्तिका लागते. ही तिकिटं सर्रास कुणालाही विकणारे होते, अजूनही असतील. रत्नागिरीचा एक मुलगा, कॅनडाला शिकायला निघालेला, रात्री एक वाजता सहारच्या काउंटरवर उभा, आणि समोरचा माणूस विचारतोय, सीडीसी दाखवा. त्याने विचारलं, सीडी कसली? त्याचं तिकीट मी काढलेलं नव्हतं, पण त्याचे वडील माझ्या ओळखीचे म्हणून तो फोनही माझ्याकडेच आला. विमान गेलं ते गेलंच. तिथे 'कुठे जाणार' खरं होतं, 'कोण जाणार' खोटं होतं.

एक सरचार्ज आणखी आहे, त्याची चर्चा गिऱ्हाइकांत होत नाही कारण तो आमच्यावर लावलेला असतो. लुफ्तान्साने १ सप्टेंबर २०१५ पासून आमच्या जीडीएस, म्हणजे सगळ्या कंपन्यांची तिकिटं एकत्र काढायच्या सिस्टीममधून काढलेल्या तिकिटावर १६ युरो जादा लावले, म्हणजे एजंटाने थेट कंपनीच्या साइटवर यावं. मग २०१७ च्या नोव्हेंबरात ब्रिटिश एअरवेज आणि आयबेरिया, २०१८ च्या एप्रिलमध्ये एअर फ्रान्स-केएलएम त्याच वाटेने गेले. तो टाळायला एजंट कंपनीच्याच साइटवरून तिकीट काढायला लागले. यात गैर काहीच नाही, मीही काढतो. गैर पुढे होतं. तिथे प्रवाशाचा मोबाइल आणि ईमेल मागतात, आणि अर्धा धंदा तिथे स्वतःचा ईमेल टाकतो, गिऱ्हाईक फुटू नये म्हणून. विमान चार तास लवकर केलं, गेट बदललं, रद्द झालं, सगळे मेसेज एजंटाच्या इनबॉक्समध्ये, आणि एजंट रविवारी अलिबागला. डीजीसीएच्या नियमात तर स्पष्ट आहे की विमान रद्द झाल्याची भरपाई प्रवाशाने पुरेसा संपर्क दिला नसेल तर मिळत नाही. पंधराशे रुपये वाचवायला गिऱ्हाइकाचा हक्कच बुडवलेला असतो.

आणि सगळ्यात सोपी लबाडी, जिला कुठलीच युक्ती लागत नाही. बिलात 'टॅक्स' लिहून त्यात स्वतःचा नफा घालणं. एअरलाइनने वायक्यू टॅक्सच्या ओळीत लपवला म्हणून आम्ही शिव्या घालतो आणि स्वतःचे अठराशे 'टॅक्सेस अँड चार्जेस'मध्ये टाकतो. तिकीट रद्द झाल्यावर तर हे आणखी खुलतं. "नॉन-रिफंडेबल आहे, काही मिळणार नाही" असं सांगून फाइल बंद. प्रत्यक्षात भाडं परत न मिळणाऱ्या तिकिटावरही सरकारी कर, यूडीएफ, सुरक्षा शुल्क परत द्यावंच लागतं, आणि रद्द करण्याचा दंड मूळ भाडं अधिक फ्यूएल सरचार्ज याच्यावर जाऊ शकत नाही, असा डीजीसीएचा नियम २०१६ पासून आहे. ते पैसे एजंटाच्या खात्यावर परत येतात. किती जण पुढे देतात, हे त्यांचं त्यांना माहीत.

मी आता काय करतो? बिलावर तीन ओळी. एअरलाइनला गेलेलं सगळं मिळून एक, माझा सर्व्हिस चार्ज दोन, त्यावरचा जीएसटी तीन. आंतरराष्ट्रीय तिकिटाला माणशी बाराशे घेतो. यावरून गिऱ्हाईक तुटलंय, पुष्कळ तुटलंय. समोरच्या इमारतीतला 'झिरो सर्व्हिस चार्ज'चा बोर्ड लावून बसलेला माणूस दोन हजार टॅक्समध्ये घालतो आणि त्याच्याकडे रांग असते. मला त्याचा राग येतो हे खरं, आणि कधीकधी हेवाही वाटतो.

तुमच्या तिकिटांकडे येतो. त्या कागदावर तो जादा तुकडा असताना व्हिसाची फाइल दिलीत तर शेंगेन व्हिसाच्या खिडकीवर पहिला प्रश्न त्याच्यावरच येईल, आणि आई-वडील मुलाकडे चाललोय म्हणत असताना चार महिन्यांनी तिसऱ्या देशातलं उड्डाण कसं समजावणार? सत्तरीच्या माणसांची तारीख बदलण्याची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते, आणि हे तिकीट नेमकं तारीख बदलताना फुटतं. एअरलाइनने आधीच पकडलं तर निघायच्या आधी फरक भरा नाहीतर तिकीट रद्द, असंही होऊ शकतं. चौतीस हजार वाचवायला एवढं घोंगडं गळ्यात कशाला?

तिकीट अजून निघालं नसेल तर एजंटाला फोन करून सांगा की आम्हाला फक्त मुंबई–फ्रँकफर्ट–मुंबई हवंय, तेच ओढा. त्याला वायक्यूची इतकी समज आहे तर त्याला हेही सांगा की वेगवेगळ्या प्लेटिंगवर भाव काढून दाखव, कदाचित चार-पाच हजार सरळ मार्गाने सुटतील. आखातातून जाणाऱ्या कंपन्यांचेही भाव बघा, मात्र थेट विमान सोडून दुबई-दोह्याला तीन तास थांबणं आईच्या गुडघ्यांना परवडेल का, ते आधी ठरवा. तिकीट आजच निघालं असेल तर त्याच दिवशी व्हॉइड, म्हणजे काही न कापता रद्द होतं, रात्रीपर्यंत थांबू नका. काल-परवा निघालं असेल तर रद्द करायला काय कापलं जाईल ते लेखी मागा, आणि त्या यादीत कर परत मिळतायत की नाही ते बघा. ॲडव्हान्सचे दहा हजार तो परत द्यायला खळखळ करेल. जादा तुकड्याचा तो कागद आणि त्याचा मेसेज जपून ठेवलाय एवढंच त्याला शांतपणे सांगा, पुरेल.

नवीन तिकीट कुणाकडूनही काढा, व्हीलचेअरची विनंती दोघांसाठी दोन्ही बाजूंना टाकून घ्या, आणि बुकिंगमध्ये मोबाइल नंबर तुमचा आणि भावाचा घालायला सांगा, दुकानाचा नको.